सत्ताविसाव्या किलोमीटरचा दोर

१२ सप्टेंबर

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

चार वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नका. सगळं ठीक आहे. पत्र लिहितेय, कारण परवा फोनवर आपण दोघी तीन मिनिटं बोललो आणि चौथ्या मिनिटाला कुणीतरी फोन ठेवला. मी म्हणते तुम्ही, तुम्ही म्हणाल मी. पत्र निदान मधेच तोडता येत नाही.

काल आमच्या रुग्णालयात, एक्स-रे विभागाच्या पत्त्यावर, माझ्या नावाने एक जाडजूड पाकीट आलं. आत छातीवर लावायचा नंबर, रस्त्याचा नकाशा आणि एक छापील पत्र, की अभिनंदन, आपला संघ घाटचढाईसाठी दाखल झाला आहे. संघात नावं तीन: दादा, तुम्ही आणि मी. सोळा नोव्हेंबर, सायकलवर, एकेचाळीस किलोमीटर, सगळे चढाचे, थेट डोंगरमाथ्यापर्यंत. तिघांपैकी निदान दोघांनी शेवटची रेघ बरोबरीने ओलांडायची, नाहीतर संघ बाद. मी शेवटची सायकलवर बसले त्याला वीस वर्षं झाली. तेव्हा उतारावर ब्रेक लागला नाही आणि मी कुंपणात गेले होते.

दादाला विचारलं तर तो हसला. म्हणाला, ठकू, तुला व्यायाम हवाच होता. हा माणूस जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवतोय. शेजारी बसायचं आणि आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवायचा, ही त्याची सवय. आता तो पाय आपल्या दोघींच्या मधे घातलाय.

यात तुमचा हात आहे का, एवढंच विचारायचं होतं. नसेल, आणि तुम्हाला नाव काढून घ्यायचं असेल, तर मी समजू शकते. तुमचं वय, त्यात दिवसभर उभ्याने काम. मी काही म्हणणार नाही.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

ठकू


१८ सप्टेंबर

चि. ठकूवन्संना,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. ‘तुम्ही’ लिहितेय, कारण ‘तू’ म्हणायची सवय मोडली.

माझा हात विचारता? माझे दोन्ही हात सध्या काळे आहेत. सायकलची चेन पडते, ती चढवताना ग्रीस नखांत जातं, आणि कारखान्यात शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यांचं कापड कापायला घेतलं की आमची देखरेखीची बाई आधी माझी बोटं तपासते. पंचवीस वर्षं कापड कापतेय, एका वेळी चाळीस थर, कधी सूतभर इकडचं तिकडे झालं नाही. आणि आता शाळकरी पोरीसारखे हात पुढे करून उभी राहते.

मलाही ते पाकीट आल्यावरच कळलं. तोवर ‘तब्येतीला बरं’ म्हणून तीन आठवडे मला रोज सकाळी बंधाऱ्यावर नेत होते. मी पुढे, हे मागे. आरसा बघ, हात दाखव, वळणाआधी वेग कमी कर. माझ्या सायकलला आरसा नाही आणि वेग तर मुळातच नाही. हलका गिअर कुठला नि जड कुठला हे मला नेमकं उलटं लक्षात राहतं. चढ आला की मी जड गिअर टाकते आणि जागच्या जागी उभी राहते. काल फिरायला आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चालत चालत मला मागे टाकलं, वर थांबून विचारलं, की पंक्चर झालंय का. बसायचं म्हणाल तर बसवत नाही. जेवते उभ्याने.

माझं वय तुमच्यापेक्षा चार वर्षांनी जास्त आहे, चाळीस वर्षांनी नव्हे. नाव मी काढणार नाही. तुम्हाला काढायचं असेल तर खुशाल काढा. दिवसभर एक्स-रेच्या खोलीत आडोशाला उभं राहणाऱ्या माणसाला मोकळी हवा सोसत नाही, हे मीही समजू शकते. मीही काही म्हणणार नाही.

लोभाचं तुमच्याएवढंच माझंही.

वहिनी


५ ऑक्टोबर

चि. ठकू,
आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. उजव्या खांद्यापुढचं हाड मोडलं. सायकलवरून पडलो. सायकल उभी होती. पायाला पेडलशी बांधून ठेवणारे पट्टे नवीन आणले होते, ते फाटकापाशी सोडवायचे राहिले आणि मी झाडासारखा आडवा झालो. समोर माझे दोन विद्यार्थी गाडीची वाट बघत उभे होते. दोन-अडीच महिने हात गळ्यात.

म्हणजे आता संघात तुम्ही दोघीच. एकीने जरी नाव काढलं तरी संपलं. म्हणून विनवतो, काढू नकोस. सराव तिच्याबरोबर कर. मधल्या गावात टेकडी आहे, दोघींनाही सारखीच लांब.

आणि ठकू, ते जुनं सोड. चार वर्षांपूर्वी तू नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे आलीस आणि एकोणिसाव्या दिवशी तुझ्या वहिनीने तुला विचारलं, की किती दिवस राहणार. ते तिच्या मनात तसं नव्हतं. कपाटात जागा करायची होती म्हणून विचारलं तिने. तू मात्र त्याच संध्याकाळी पिशवी उचललीस. तेव्हापासून मी तुला तुझ्या रुग्णालयाच्या उपाहारगृहात भेटतो, तुरुंगातल्या माणसाला भेटावं तसा. ती रोज तुझी आठवण काढते. परवा तर डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तिला सांगू नकोस मी लिहिलं ते.

हात दुखतो. थांबतो.

दादा


२० ऑक्टोबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काल ठरल्याप्रमाणे मी नऊ वाजता टेकडीवर पाण्याच्या टाकीपाशी पोचले. साडेअकरापर्यंत थांबले. तुम्ही आला नाहीत. ऊन चढलं, बाटलीतलं पाणी संपलं, आणि गंमत म्हणजे मी पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. एक कुत्रं तेवढं सोबतीला होतं, तेही कंटाळून गेलं.

हा चढ चढायला मला काय करावं लागलं ते सांगते. पाच आठवडे मी रुग्णालयाच्या वाहनतळाच्या चढणीवर सायकल चालवतेय. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पाच वळणं. दिवसपाळी संपली की कपडे बदलते आणि सुरू होते. रखवालदार दर फेरीला शिट्टी मारतो. आधी तो मला अडवायचा, आता मोजतो. तिसऱ्या मजल्यावर छातीत धाप लागते आणि तिथेच नेमकी हाडांच्या डॉक्टरांची गाडी उभी असते. ते काच खाली करून विचारतात, की अजून मोडलं नाही का काही. आणि एवढं करून मी वर आले ती कुत्र्याला भेटायला.

फोन मी केला नाही, कारण न येणाऱ्याने करायचा असतो. यायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतं. मला आपल्या वाटेने निघून जायची सवय आहे.

बाकी ठीक.

ठकू


२४ ऑक्टोबर

चि. ठकूवन्संना,
अ. आ.

टेकडीवर टाक्या दोन आहेत. एक जुनी, गळकी, तुम्ही टेकून बसलात ती. दुसरी नवी, वरच्या अंगाला, तिथे मी साडेआठपासून होते. बारा वाजेपर्यंत. येताना खालच्या वळणावर एक कुत्रं माझ्या मागे लागलं, बहुतेक तुमच्याकडूनच आलं होतं.

मीही फोन केला नाही, कारण उशिरा येणाऱ्याने करायचा असतो.

बारा वाजता उतरायला लागले तर मागचं चाक बसलं. पंक्चर काढायचं सामान यांनी मोठ्या हौसेने घेऊन दिलंय, पण ते कसं वापरायचं हे सांगायच्या आधी हे पडले. चार किलोमीटर सायकल ढकलत नेली. घरी आले तर हे गळ्यात हात घेऊन दारात, आणि पहिला प्रश्न, की मग दोघींच्या गप्पा झाल्या का. मी पंक्चरचं सामान त्यांच्या चांगल्या हातात दिलं आणि आत गेले.

पुन्हा सराव एकत्र करायला नको. सोळा तारखेला सकाळी सहाला सुरुवातीच्या कमानीखाली भेटू. नकाशात बघून घेतलं, कमान एकच आहे.

कळावे. यापुढे काय लिहायचं ते मलाही सुचत नाही.

वहिनी


१९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू विचारतोयस, की माथ्यावर बारा ते तीन तू उभा होतास, शेवटचा माणूस आला, कमान उतरवली, तरी आम्ही का आलो नाही, आणि वहिनी त्यावर एक अक्षर का बोलत नाहीत. मी सांगते. पण हे पत्र आडवं पडून वाच. उभ्याने वाचताना तू पडतोस.

सुरुवात बरी झाली. साडेसहाला सोडलं. पहिल्या पाच मिनिटांत सगळे आमच्या पुढे गेले आणि मागे फक्त झाडूगाडी उरली, म्हणजे शेवटच्यांना उचलून घेणारा ट्रक. तो आमच्या मागून इतका हळू चालत होता, की चालकाने पाय वर घेऊन वर्तमानपत्र उघडलं. नियम असा, की सत्ताविसाव्या किलोमीटरला अकराच्या आत पोचायचं. तिथे रस्त्यावर दोर धरलेला असतो. अकरा वाजले की दोर आडवा.

बारा किलोमीटर आम्ही दोघी न बोलता चढलो. दोघींनी मिळून फक्त तीन वाक्यं खर्च केली: गिअर हलका करा, तो हलकाच आहे, नाही तो जड आहे. पंधराव्याला त्यांची चेन पडली. अठराव्याला पुन्हा. एकविसाव्याला माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी दगडावर बसून ओरडले. वहिनींनी काही न विचारता माझा पाय मांडीवर घेतला आणि कापडाची गाठ सोडवावी तशी पोटरी सोडवली. वीस मिनिटं गेली. चोविसाव्याला तिसऱ्यांदा त्यांची चेन पडली, आणि माझं डोकं फिरलं.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. पण शेवटी म्हणाले, की मी कुठे पोचावं असं तुम्हाला कधी वाटलंच नाही, तेव्हाही आणि आताही. आणि मग, खरं सांगते, तुझीच वकिली केली. म्हणाले, दादा सांगतो कपाटात जागा करायची होती म्हणून विचारलंत. तसं असेल तर माझ्या तोंडावर एकदा तरी का नाही सांगितलंत?

त्या कठड्यावर बसल्या. हेल्मेट काढलं. केस ओले, चेहरा लाल. म्हणाल्या, “मी तसंच विचारलं होतं, ठकू. तू जावीस म्हणूनच विचारलं होतं.”

मग हळूहळू सगळं सांगितलं. दोन खोल्या, मुलाचं परीक्षेचं वर्ष, त्या सातला जाणार नि सातला येणार, तू दिवसभर बाहेर, आणि मी पडद्यामागे रडत पडलेली. माझं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. रोज संध्याकाळी जिना चढताना वाटायचं, आज ती गेलेली असू दे. एकोणिसाव्या दिवशी तोंडून गेलं. आणि मी खरंच गेले, तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की ज्याच्यामुळे वाटते त्या माणसाचाच राग येतो, म्हणाल्या.

तुला वाटेल, मग आम्ही गळ्यात पडलो. नाही. मी सायकल उचलली आणि त्यांना तिथेच सोडून निघाले. इतका जोर माझ्या पायांत दोन महिन्यांत कधी आला नव्हता. पण दोन किलोमीटरवर लक्षात आलं, की एकटीने रेघ ओलांडून उपयोग नाही. थांबले. प्रेमाने नाही, नियमाने थांबले. दहा मिनिटांनी वळणावरून त्या आल्या, सायकल ढकलत, मागे तो ट्रक. ट्रकवाला त्यांना गाडीत चढा चढा म्हणत होता आणि त्या त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या.

उरलेला एक किलोमीटर आम्ही दोघींनी ढकलत काढला. दोर आडवा होता. अकरा वाजून अकरा मिनिटं झाली होती. दोर धरणारी एक कॉलेजातली मुलगी होती. मी तिला म्हणाले, अकरा मिनिटांनी काय होतं. ती म्हणाली, नियम आहे, काकू. मग वहिनी भांडल्या. दादा, तू त्यांना भांडताना ऐकलंयस? घरात नाही ऐकलंस. आवाज न चढवता, एकेक मुद्दा कातरीने कापल्यासारखा. मुलगी रडकुंडीला आली, पण दोर सोडला नाही. आमचे नंबर काढून घेतले.

उतरताना ट्रकमधे सायकलींच्या ढिगाऱ्यात समोरासमोर बसलो होतो. वहिनींनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, तुझ्या सदऱ्याच्या बाह्या चुकीच्या कापल्यात, डावी अर्धा इंच आखूड आहे.

माझ्या मनात काय आहे ते मला नीट कळत नाही. राग आहेच. पण चार वर्षं मी तुझ्या कपाटाच्या गोष्टीशी भांडत होते. ती खोटी आहे हे मला आतून माहीत होतं, आणि ती खरी मानत नाही म्हणून मीच कोत्या मनाची ठरत होते. आता निदान समोर खरी वस्तू आहे. एक्स-रेमधे हाड मोडलेलं दिसलं की माणूस दुखण्याला शिव्या देतो, पण मला काहीतरी झालंय हे खरं होतं, एवढं तरी त्याला कळतं.

तुझ्या हाडाची काळजी घे. माझ्यावरचा लोभ जरा बाजूला ठेव, आधी तुझं तू बघ.

ठकू


२४ नोव्हेंबर

चि. ठकू,
अनेक आशीर्वाद.

तुझं यांना आलेलं पत्र मी वाचलं. चोरून नाही, यांनीच दिलं. एका हाताने पाकिटात घालता येईना, म्हणून माझ्याकडे दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले.

तुला एक सांगायचंय. कपाटाची गोष्ट मला माहीतच नव्हती. मी ती घाटात तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. मला यांनी वेगळं सांगितलं होतं. की ठकू ते केव्हाच विसरली, त्यावर हसते सुद्धा, येत नाही ती फक्त पाळ्यांमुळे. चार वर्षं मी ते खरं धरलं. मनात म्हणायचे, मी इथे त्या एका वाक्याने जळतेय आणि ही तिकडे हसतेय. तुझा राग आला तो त्याचा. आणि मी रोज तुझी आठवण काढून रडते असं तुला लिहिलंय, हेही यांच्याकडूनच कळलं. मी रडत नाही. मला धुळीची सर्दी होते, कारखान्यात सगळ्यांनाच होते.

काल यांना समोर बसवून विचारलं. म्हणाले, दोघींना बरं वाटावं म्हणून केलं. दोघींपैकी कुणाला बरं वाटलं, म्हटलं, ते सांगा.

माफी मागत नाही. विचारलेलं परत घेता येत नाही, आणि तू माफ केलंस म्हणालीस तर मला ते खरं वाटणार नाही. पण त्या पोरीने दोर आडवा धरला, त्याच्या पलीकडे रस्ता डावीकडे वळत होता. तो कुठे जातो ते बघायचं राहिलं. रोज कापडावर खडूने रेघ मारताना तेच आठवतं आणि वैताग येतो. मला पाच तारखेपासून चार दिवस रजा आहे. यांना सोडून येईन, भात लावता येतो त्यांना डाव्या हाताने. तुझ्याकडे जागा असेल तर कळव. नसेल तर तसंच कळव, मी धर्मशाळा बघेन.

चेन मी बदलून घेतली.

तुझी वहिनी


८ डिसेंबर

ती. दादास / अहो,

हे पत्र आम्ही दोघी मिळून लिहितोय. अक्षर बदललं की माणूस बदलला असं समज. सुरुवात मी, ठकू.

वहिनी शुक्रवारी आल्या आणि संध्याकाळपर्यंत आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी अंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. मला मीठ सापडेना. मी म्हणाले हे माझं घर आहे, त्या म्हणाल्या घर कसलं, गोदाम आहे. नऊ वाजता आम्ही एकमेकींकडे पाठ करून झोपलो. सकाळी उठलो तर दोघी होतो तिथेच होतो. कुणीही पिशवी उचलली नव्हती.

आता मी. शनिवारी पुन्हा घाटात गेलो. सत्ताविसाव्याला दोर नव्हता, रस्त्याकडेला नुसते दोन खुंट होते. मी थांबून त्यांच्याकडे बघून घेतलं. चेन एकदाही पडली नाही. वळणापलीकडे काय आहे म्हणाल, तर आणखी एक वळण, आणि त्यापलीकडे आणखी एक. पस्तिसाव्याला मी रस्त्यावर आडवी झाले. ठकूने केळं सोलून तोंडात कोंबलं आणि पुन्हा चढवलं. एकोणचाळिसाव्याला लाल झेंडा घेऊन एक माणूस उभा. पुढचे दोन किलोमीटर डांबर टाकताहेत, गरम आहे, संध्याकाळपर्यंत बंद. पायी सुद्धा नाही. धुकं असं, की माथा कुठे आहे ते दिसेना. मी दीड तास भांडले. ठकूही भांडली. त्या माणसाने शेवटी झेंडा खाली ठेवला आणि डबा उघडून जेवायला बसला.

तर आम्ही दुसऱ्यांदा न पोचता आलो. वर काय आहे ते तुम्हालाच माहीत, तुम्ही तिथे तीन तास उभे होतात. पण सांगू नका. तुम्ही सांगितलेलं आम्ही आता खरं धरत नाही.

पुन्हा मी, ठकू. उतरताना आम्ही दोघींनी तुझी एकेक गोष्ट जुळवून बघितली. माझ्या वाढदिवसाला वहिनींच्या नावाने आलेली शाल वहिनींनी कधी पाहिलेली नाही. मी वहिनींना पाठवलेला निरोप, की त्यांच्या हाताची सर कुणाला नाही, तो मी कधी पाठवलेला नाही. उतारावर इतका वैताग आला, की ब्रेक लावायचं भान राहिलं नाही, आणि पहिल्यांदाच आम्ही दोघी वेगात गेलो.

तुझ्यावर प्रेम आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. तू वाईट हेतूने काही केलं नाहीस. पण चार वर्षं आम्हाला एकमेकींचा रागसुद्धा धड मिळू दिला नाहीस. येत्या शनिवारी मी घरी येतेय. बसने येईन, थांब्यावर यायचं नाही. मला जे बोलायचंय ते बोलून घेईन, तुझ्याशी आणि त्यांच्याशी, वेगवेगळं.

शेवटचं मी लिहिते, कारण कागद संपत आला. ठकू आली, की तिने मला काय म्हटलं ते तिला विचारू नका, मी काय म्हटलं ते मला विचारू नका, आणि इकडचं तिकडे काही गोड करून सांगू नका. तुम्ही तुमच्या खांद्याकडे बघा. आमचं आम्ही भांडू.

तुमची
दोघी